गाडी थांबवण्याचा हक्क आईला द्या

अखाजी जवळ आली की आपल्या खान्देशातले रस्ते गजबजून जातात. लेकी माहेरी येतात. सुरत, नाशिक, पुण्याला पोटापाण्यासाठी गेलेली कुटुंबे गावाकडे वळतात. झाडांना झोके बांधले जातात, घरोघर आमरसाचा बेत होतो. याच सुट्टीत कुणाचे जाऊळ असते, कुणाचे लग्न. कुणाला धुळ्याच्या एकवीरा देवीला जायचे असते, कुणाला पाटणादेवीला, तर कुणाला सप्तशृंगगडावर. गाडी ठरते, डबे भरले जातात आणि घरातले सगळ्यात लहान माणूस कुणाच्या तरी मांडीवर बसून निघते.

दिवस आनंदाचे खरे, पण नेमके हेच दिवस आपल्याकडे सर्वांत कडक उन्हाचे. जळगाव-भुसावळचा पारा या दिवसांत ४५ अंशांना टेकतो, कधी त्याच्याही वर जातो. माझा दवाखाना पारोळ्याला, महामार्गापासून जवळच. त्यामुळे सुट्टीच्या काळात ओळखीच्या पेशंटबरोबर वाटेवरचे अनोळखी पेशंटही येतात. त्यात लहान मुलेच अधिक. अशाच एका मुलाची गोष्ट आज सांगतो.

काही वर्षांपूर्वी अखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, एक मोठी गाडी दवाखान्यासमोर थांबली. आजीबाई दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन धावतच आत आल्या. “डॉक्टरसाहेब, पोऱ्या डोया उघाडत नही!” मूल मलूल होते. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, टाळू खाली बसलेली, अंग तापलेले. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती लगेच सपाट होईना.

मी आईला विचारले, “ताई, बाळाने शेवटची शू केव्हा केली?”

आई आजीकडे पाहू लागली, आजी आजोबांकडे, आजोबा गाडी चालवणाऱ्या मुलाकडे. कुणालाच सांगता येईना. सकाळी निघताना डायपर बांधला होता. त्यात पातळ शी झालेली, त्यामुळे शू झाली की नाही हे कळायला मार्ग नव्हता.

मग हळूहळू सारी हकीकत बाहेर आली. सुरतहून निघायला साडेनऊ झाले. गाडीत नऊ माणसे. एवढ्या गर्दीला एसी पुरेना म्हणून काचा उघडल्या, तर बाहेरून गरम वारा. कोंडाईबारी घाटात मालट्रक बंद पडल्यामुळे दीड तास गाडी जागची हलली नाही. सकाळी आठ वाजता भरलेली दुधाची बाटली बाळाला बारा वाजता दिली, उरलेली पुन्हा दोन वाजता दिली. नंतर दोन उलट्या आणि तीन पातळ जुलाब झाले. धुळे आले तेव्हा आजी म्हणाल्या, इथे कुणाला दाखवू. आजोबा म्हणाले, आता तासा-दीड तासाचाच प्रश्न आहे, घरी गेल्यावर बघू.

मी मुलाचे कपडे काढले, ओल्या फडक्याने अंग पुसायला सांगितले, चमच्या-चमच्याने ओआरएस सुरू केले. पण मुलाला गिळण्याचेही त्राण नव्हते. शिरेतून सलाईन देणे भाग होते आणि दहा महिन्यांच्या सुकलेल्या मुलाची शीर सापडणे अवघड. जमेल तेवढे करून त्यांना धुळ्याला बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले. म्हणजे जे धुळे तासापूर्वी मागे टाकले होते तिथेच परत. तिसऱ्या दिवशी मूल हसू-खेळू लागले, हे त्या घराचे नशीब.

परतीच्या प्रवासात ती मंडळी मला भेटून गेली. सगळे गाडीत बसल्यावर सूनबाई क्षणभर मागे राहिली आणि म्हणाली, “डॉक्टर, मला दोनदा वाटलं गाडी थांबवा म्हणावं. बाळ अंगावर प्यायला मागत होतं. पण पुढे सासरे, बाजूला दीर. कसं म्हणणार?”

हे वाक्य मी विसरू शकलो नाही. त्या गाडीत मुलाला काय हवे आहे हे ओळखणारे एक माणूस बसले होते, पण गाडी थांबवा म्हणण्याचा हक्क त्या माणसाला नव्हता. आजचा लेख त्यासाठीच.

लहान मूल इतक्या लवकर का सुकते?

मोठ्या माणसाला तहान लागली की तो पाणी मागतो. तान्हे मूल मागू शकत नाही. ते रडते, आणि आपण म्हणतो झोप आली असेल. रडून थकते आणि गप्प होते, तेव्हा आपण म्हणतो, बरे झाले, झोपले एकदाचे.

आता हिशोब पाहा. आठ किलो वजनाच्या मुलाच्या अंगातून ४०० मिलिलिटर, म्हणजे दोन पेले पाणी गेले, तर ते त्याच्या वजनाच्या पाच टक्के झाले. डोळे खोल जायला, मूल चिडचिडे व्हायला एवढे पुरे. त्याच्या दुप्पट गेले तर जीव धोक्यात. साठ किलोच्या बापाच्या अंगातून तेच दोन पेले पाणी घामावाटे गेले तर एक टक्काही होत नाही. तो रुमालाने तोंड पुसतो आणि गाडी चालवत राहतो. म्हणून ‘आम्हाला काही झाले नाही, त्याला कसे झाले?’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

दुसरे कारण उष्णतेचे. वजनाच्या मानाने लहान मुलाच्या कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळे बाहेरची उष्णता त्याच्या अंगात लवकर शिरते. घाम येऊन अंग गार करण्याची त्याची क्षमताही कमी असते. त्यात वारा लागू नये म्हणून आपण टोपडे, पायमोजे आणि वर दुपटे गुंडाळतो. प्रवासात मुलाला एकच सैल, पातळ सुती कपडा पुरे. ऊन डोक्यावर येईल तेवढ्यापुरती टोपी घाला, गाडीत काढून ठेवा.

शूचा हिशोब ठेवा

एक साधी सवय लावून घ्या. प्रवासात दर दोन तासांनी गाडी सावलीत थांबवायची आणि मुलाला पाजायचे. त्याच वेळी शू झाली का, हे पाहायचे. डायपर असेल तर तो बदलून, हातात धरून जड आहे का कोरडा आहे ते बघायचे. दिवसा सहा तासांत शू झाली नसेल, किंवा झालेली शू गडद पिवळी असेल, तर मुलाला पाणी कमी पडते आहे असे समजा. आधी त्याला पाजा, मग पुढे निघा.

डायपरला माझा विरोध नाही, प्रवासात तो सोयीचाच आहे. पण लंगोट ओला झाला की आईला लगेच कळे, डायपरमध्ये ते झाकून राहते. शिवाय उन्हात सहा-सात तास तोच डायपर राहिला तर कातडी लाल होऊन सोलवटते. मुलगा असो वा मुलगी, बदलताना जागा पाण्याने धुवून कोरडी करा. पावडरीचा मारा करू नका.

पाजायचे काय?

सहा महिन्यांखालील मुलाला फक्त आईचे दूध, वरचे पाणी नको. उन्हाळ्यातही नको. आजीबाई, हे तुम्हाला पटायला जड जाते, मला ठाऊक आहे. पण आईच्या दुधात बहुतांश पाणीच असते आणि ते उकळून गार केलेल्या पाण्यापेक्षा निर्धोक असते. उन्हाळ्यात मूल जास्त वेळा मागेल, तेवढ्या वेळा पाजा. आणि पाजणाऱ्या आईला भरपूर पाणी, ताक प्यायला द्या. अनेक सुना वाटेत लघवीची सोय नसते म्हणून प्रवासात पाणीच पीत नाहीत. हा त्रास घरातल्या पुरुषांनी समजून घ्यावा आणि गाडी चांगल्या ठिकाणी थांबवावी. एसटीने जात असाल तर अनेक बसस्थानकांवर अंगावर पाजणाऱ्या मातांसाठी हिरकणी कक्ष आहेत, त्यांची चौकशी करा.

सहा महिन्यांनंतर आईच्या दुधाबरोबर उकळून गार केलेले पाणी वाटी-चमच्याने द्या. प्रवासात दुधाची बाटली टाळाच. तिचे बूच आणि कोपरे वाटेत नीट धुता येत नाहीत. उन्हाने तापलेल्या गाडीत भरलेले दूध म्हणजे जंतूंना पोसण्याचीच जागा. त्या दहा महिन्यांच्या बाळाचे नेमके हेच झाले. वरचे पावडरीचे दूध देणे भागच असेल तर पावडर कोरडी न्या, उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये न्या, पाजायच्या वेळी तेवढेच कालवा, अंगाला सोसेल इतके कोमट करून पाजा. उरलेले तासाभरात टाकून द्या. ‘एवढं दूध वाया जाईल’ म्हणून मुलाच्या पोटात घालू नका.

खाण्यासाठी आपल्या जिल्ह्यासारखी सोय दुसरीकडे क्वचितच असेल. रावेर, यावल, सावद्याची केळी साऱ्या देशात जातात. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही मिळाले. केळ्याला स्वतःचे वेष्टन असते, त्याला धुवावे लागत नाही, आणि सहा महिन्यांवरच्या मुलाला ते कुस्करून देता येते. मुरमुरे, भाकरीचा कुस्करा, घरचे लाडू ही कोरडी शिदोरीही चांगली. वर्षा-दोन वर्षांच्या मुलाला घशात अडकतील असे फुटाणे, शेंगदाणे मात्र चालत्या गाडीत देऊ नका. भात-खिचडी नेलीत तर दोन-तीन तासांत संपवा. रस्त्यावरचा बर्फाचा गोळा, बर्फ घातलेला उसाचा रस आणि पेप्सीकोला मुलाला देऊ नका. बर्फ कोणत्या पाण्याचा, हे गाडीवाल्यालाही माहीत नसते.

उन्हात बाहेर पडताना खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कांदा खुशाल ठेवा, मी काढायला सांगत नाही. पण कांदा ठेवला म्हणून पाण्याची बाटली विसरू नका. लूपासून वाचवते ते पाणी आणि सावली.

उलटी-जुलाब झाले तर

पिशवीत ओआरएसच्या दोन-चार पुड्या हव्याच. ही पुडी साधी दिसते, पण तिच्या मागे मोठा इतिहास आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पिंपांत तयार करून रुग्णांच्या नातेवाइकांकरवी पाजायला लावले. मृत्यूचे प्रमाण तीन-चार टक्क्यांपर्यंत खाली आले. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. यातले इंगित असे की, जुलाब चालू असतानाही आतडे साखरेच्या हाताला धरून मीठ आत घेते आणि मिठामागे पाणी जाते. नुसत्या पाण्याने किंवा नुसत्या साखरेने हे काम होत नाही.

पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात पूर्ण पुडी विरघळवा. अर्धी पुडी, अंदाजाने पाणी, असे करू नका. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यापुढच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर द्यायचे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा द्या. अंगावरचे दूध चालूच ठेवा. तयार केलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्या.

पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. चव घेऊन पाहा. ते डोळ्यातल्या आसवांपेक्षा खारट लागता कामा नये. मीठ जास्त झाले तर अपाय होतो.

दुकानातून घेतानाही जपा. फळांच्या चवीची गोड पेये ओआरएससारख्या नावाने विकली जात. त्यांत साखर जास्त आणि क्षार कमी, त्यामुळे जुलाब उलट वाढू शकतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला मनाई केली. तुम्ही औषधाच्या दुकानातून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली पुडीच मागा.

टाळू बसली म्हणून तोंडात बोट घालून ती वर उचलण्याचा प्रकार अजूनही काही ठिकाणी चालतो. तो कृपा करून करू नका. अंगातले पाणी कमी झाले की टाळू खोल जाते, पाणी भरले की आपोआप वर येते.

गाडी लागते त्याचे काय?

कन्नडचा घाट किंवा नांदुरीहून सप्तशृंगगडावर जाणारी वळणे आली की दोन वर्षांवरची पुष्कळ मुले पांढरीफटक पडतात, जांभया देतात आणि ओकतात. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते, आपण हलतो आहोत. मोबाईलमध्ये खिळलेले डोळे सांगतात, सगळे स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही आणि मळमळते. म्हणून घाटात मुलाच्या हातातला मोबाईल काढून घ्या, त्याला समोरच्या काचेतून दूरवर बघायला लावा. एसटीत अगदी मागची बाके टाळून मधली घ्या. निघताना भरपेट पुरीभाजी नको आणि उपाशीपोटीही नको.

‘डॉक्टर, उलटीची गोळी द्या’, ‘झोपेल असं काहीतरी औषध द्या’, अशी मागणी मला दरवर्षी होते. गाडी लागण्यावरची काही औषधे दोन वर्षांखालील मुलांना चालतच नाहीत. त्यांनी श्वास मंद होण्याचा धोका असतो. मूल गाडीत शांत राहावे म्हणून सर्दीचे औषध पाजून झोपवणे तर फारच घातक. झोपलेले मूल पाणी मागत नाही, हे लक्षात ठेवा.

मांडी ही सुरक्षित जागा नव्हे

आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात नाही, असे आपण मानतो. घरात ते खरे आहे, धावत्या गाडीत नाही. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे आणि कशावर तरी आदळून क्षणार्धात थांबली असे धरा. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली तर दहा किलोचे मूल त्या क्षणी १४० किलोच्या ओझ्यासारखे पुढे झेपावते. म्हणजे जवळजवळ दीड क्विंटल कापूस! तुमच्यापैकी कुणाचे हात तो धरू शकतील? त्यातही मूल पुढच्या सीटवर मांडीवर असेल तर ते आपले आणि काचेचे मध्ये सापडते. समोरची हवेची पिशवी फुगली तर तिचाच मार त्याच्या डोक्या-मानेला बसतो.

मुलांसाठी वेगळी आसने मिळतात. तान्ह्या मुलाचे आसन मागच्या सीटवर, मुलाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला येईल असे बांधायचे असते. उंची साधारण पावणेपाच फूट होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा मुलांना नीट बसत नाही, तो पोटावर आणि गळ्यावर येतो. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा असे आसन न वापरता नेल्यास हजार रुपये दंड आहे. हे आसन महाग आहे हे मी जाणतो. पण ज्या घरात लाखो रुपयांची गाडी येते तिथे हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. आजच आसन नसेल तर निदान एवढे करा. मूल मागच्या सीटवर ठेवा, त्याला घेणाऱ्याने स्वतः पट्टा बांधावा, पण एकाच पट्ट्यात स्वतःला आणि मुलाला बांधू नये. तसे केले तर मोठ्या माणसाच्या वजनाखाली मूल चिरडते. छताच्या खिडकीतून मुलांना उभे करण्याची नवी हौस तर पूर्णपणे बंद करा.

पुष्कळ वाचकांची ‘कौटुंबिक गाडी’ म्हणजे मोटारसायकल आहे, हेही मी विसरलेलो नाही. २०२२ साली काढलेल्या केंद्राच्या नियमानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त नको. टाकीवर बसवलेले मूल झोपेत कलंडते. मागे बसलेल्या मुलाची टाच चाकाच्या तारांत सापडते. अशा टाचा मी शिवल्या आहेत, त्या महिनोन् महिने बऱ्या होत नाहीत. साडीचा पदर, ओढणी आधी खोचून घ्या. आणि तान्हे मूल असेल तर लांबच्या गावाला मोटारसायकलने न जाता एसटीने जा. ही माझी विनंती आहे.

‘दोन मिनिटांत येतो’

उभ्या गाडीत मुलाला एकटे ठेवू नका. रसवंतीवर थांबलात, देवीला नारळ वाढवायला उतरलात, तरी नाही. बंद गाडी उन्हात भट्टीसारखी तापते. पहिल्या अर्ध्या तासातच आतले तापमान बाहेरच्यापेक्षा सुमारे वीस अंशांनी चढू शकते. काच चार बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. बाहेर ४३ असेल तर आत किती होईल, याचा हिशोब तुम्हीच करा. गाडीत माणसे जास्त असली की गफलत होते. प्रत्येकाला वाटते, मूल दुसऱ्याकडे आहे. म्हणून उतरताना मुलाचे नाव घेऊन विचारा, ‘कोणाकडे आहे?’

निघायचे केव्हा?

पहाटे पाचला निघून दहाच्या आत मुक्कामी पोचणे सर्वांत चांगले. जळगाव-धुळे हा नव्वदेक किलोमीटरचा प्रवास सकाळच्या गारव्यात सहज होतो. सुरत-जळगाव मात्र तीनशेहून अधिक किलोमीटर. लेकरू बरोबर असेल तर दुपारी अकरा ते चार साक्रीला, नाहीतर धुळ्याला कुणा नातलगाकडे उतरा, तेही जमले नाही तर धर्मशाळेत पाठ टेका. ऊन टाळण्यासाठी रात्री दोनला निघणारेही आहेत. पण दोन ते पाच या वेळात चालवणाऱ्याचा डोळा सर्वांत जास्त लागतो. उन्हापासून वाचवायचे आणि झोपेच्या तोंडी द्यायचे, हा सौदा परवडणारा नाही.

या खुणा दिसल्या तर ‘घरी गेल्यावर बघू’ नको

मूल हलवूनही जागे होत नाही, पाजले तर ओढत नाही. प्रत्येक घोट उलटून टाकते. शी रक्ताची होते. डोळे खोल गेले, कातडीची चिमटी सावकाश खाली बसते. अंग भाजल्यासारखे तापले आणि मूल बरळते किंवा झटके येतात. यातले एक जरी दिसले तरी जे गाव जवळ असेल तिथे उतरा. १०८ वर फोन करा, रुग्णवाहिका विनामूल्य येते. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत.

मदत येईपर्यंत मुलाला सावलीत घ्या, कपडे काढा, साध्या पाण्याने अंग ओले करून वारा घाला. उन्हाने चढलेल्या तापावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, त्याला अंग गार करणे हाच उपाय. शुद्धीत नसलेल्या मुलाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते.

पिशवीत काय असावे?

उकळून गार केलेले पाणी, ओआरएसच्या पुड्या, वाटी-चमचा, साबण, चार-पाच सुती फडकी, दोन जास्तीचे कपडे, डायपर किंवा लंगोट, केळी, थर्मामीटर, ओकारीसाठी पिशव्या, मुलाचे नेहमीचे औषध आणि लसीकरणाचे कार्ड. आणि एक छोटी वही. तिच्यात दोनच गोष्टी लिहायच्या, केव्हा पाजले आणि केव्हा शू झाली. वाटेत डॉक्टर गाठावा लागला तर ही वही पाहून त्याचे निम्मे काम होते.

यातली एकही वस्तू महाग नाही. पण या सगळ्यांचा उपयोग गाडी थांबली तरच. म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर एकदा सांगून टाकावे, “सूनबाई, बाळासाठी तुला वाटेल तिथे गाडी थांबव म्हण, कुणाला विचारू नकोस.” एवढ्या एका वाक्याने तिच्या मनावरचे ओझे उतरते. गाव पळून जात नाही, देवीही वाट बघते.

ते सुरतचे आजोबा पुढच्या अखाजीला पुन्हा दवाखान्यासमोर थांबले. पोटात धस्स झाले, पण नातू आपल्या पायांनी चालत आत आला. मी विचारले, “आप्पा, कसा झाला प्रवास?” ते हसले आणि म्हणाले, “पाच वेळा थांबलो डॉक्टरसाहेब. दोन तास उशीर झाला.” मग त्यांनी खिशातून वही काढून माझ्यापुढे ठेवली. शेवटची शू पावणेनऊची होती आणि घड्याळात सव्वानऊ झाले होते.